येते की जाते

३ फेब्रुवारी, मंगळवार

नाही म्हणून सांगितलं. स्पष्ट! तरी चष्मेवाले हसत म्हणाले, "मग शनिवारी साडेतीनला पहिला सिनेमा. तुमची खुर्ची धरून ठेवतो, ताई." हा माणूस दुसऱ्यांची नजर तपासतो, स्वतःचे कान कधी तपासणार?

गेले होते चष्म्याची काडी बसवायला. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं फिल्म मंडळ भरतं. तीस खुर्च्या, एक पडदा, दोन पंखे – त्यातला एक फिरतो. यंदा त्यांनी 'मधली खोली' घेतलंय. त्या एका नाटकावरून निघालेले तीन सिनेमे, तीन शनिवार. आणि चौथ्या शनिवारी मी बोलायचं! तिन्हींची तुलना. अर्धा तास.

मी त्या नाटकाची प्रॉम्प्टर होते हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. चारशेच्या वर प्रयोग केले, पण कसे? विंगेत, स्टुलावर, मांडीवर संहिता, हातात एवढीशी बॅटरी. माझा आवाज सहा फुटांपलीकडे गेला तर ती माझी चूक. आणि म्हणे बोला!

७ फेब्रुवारी, शनिवार

गेले. (इथे खोटं कशाला लिहू – साडेतीनला नाही, सव्वातीनलाच.)

नाटक सगळ्यांना माहीत असतंच, तरी चष्मेवाल्यांनी आधी गोष्ट सांगितली. वकिलाचं घर. पुढे त्याचं ऑफिस, मागे स्वयंपाकघर, मधे बिनखिडकीची एक खोली. बायको पंधरा वर्षं त्या खोलीत. तिसऱ्या अंकाच्या शेवटी ती चादरीची घडी घालते, किल्ल्या फळीवर ठेवते, निघते. नवरा पेपरातून डोकं वर न काढता विचारतो, "कुठे?" ती एकच शब्द बोलते. पडदा.

पहिला सिनेमा काळा-पांढरा, जुना. आमच्या प्रयोगांच्याही आधीचा. मी सवयीनं संहिता मांडीवर घेऊन बसले, पेन्सिल कानावर. अकराच वाक्यं गाळली आहेत! पण काय बोलतात एकेक – कॅमेरा नाकासमोर आणि आवाज शेवटच्या रांगेला. वकिलाच्या मिशा त्याच्यापेक्षा चांगलं काम करतात. नायिका शेवटी "जाते!" म्हणते ते असं की दाराच्या कड्या हलाव्यात.

शेजारी प्राध्यापक बसले होते. त्यांनी या नाटकावर पुस्तक लिहिलंय. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाहिलंत? इथे अजून 'जाते' आहे. 'येते' नंतर आलं. लेखकाचा तो मोठा वैचारिक प्रवास आहे."

मी संहिता मिटली.

८ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन, दहा ते दहा पाच. रविवारी दहाला येतो, दहा पाचला जातो. ती जनावरांची डॉक्टर – रविवारीसुद्धा मागे कुणीतरी गुरगुरत असतं.

"भाषण? तू?" खळखळून हसली. मला वाईट वाटलं नाही. ती हसली की बरं वाटतं. मग म्हणाली, "कर की." मग गोळ्या घेतल्यास का, घेतल्या, ठेवते, ठेव.

तिच्या लहानपणच्या संध्याकाळी मी पाहिल्याच नाहीत. शेजारच्या मावशींनी पाहिल्या. ती कधी बोलून दाखवत नाही. न बोलता दाखवते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आरशासमोर उभी राहून भाषण करून पाहिलं. आरशालाही ऐकू गेलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा सिनेमा. रंगीत. मधल्या खोलीला खिडकी!! मग ती मधली कसली? खिडकीतून बाग दिसते, बागेत गाणं. गाळलेली वाक्यं मोजत होते, शंभरानंतर पेन्सिल खाली ठेवली. शेवटी ती "येते" म्हणते, गोड हसून. वकील पेपर टाकतो, बसस्टँडवर धावत जातो, आणि ही बाई सुटलेल्या बसमधून उतरते! लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या जोडप्यानं एकमेकांचे हात धरले होते. राग तरी कुणावर काढायचा?

एक जागा मात्र चोख. किल्ल्या ठेवताना ती एक किल्ली जुडग्यातून काढून बघते – ही कशाची, हेच तिला आठवत नाही. पंधरा वर्षं कमरेला बाळगलेली किल्ली! हे नाटकात नाही. असायला हवं होतं.

सिनेमा संपल्यावर प्राध्यापक उभे राहिले. 'जाते'चं 'येते' कसं झालं यावर वीस मिनिटं. लेखकानं म्हणे दोन वर्षं मनन केलं. जाणाऱ्या बाईनं 'येते' म्हणावं यात अख्ख्या समाजावर बोट आहे, मराठी रंगभूमीवरचा हा सर्वांत विचारपूर्वक निवडलेला शब्द आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

चष्मेवाले माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तर तिथेच होतात. कधी बदललं हो लेखकानं?"

"आठवत नाही," म्हटलं.

खोटं बोलले.

१५ फेब्रुवारी, रविवार

कागदाला सांगायला काय हरकत आहे. अडतीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

लेखकानं बदललं नाही. कुणीच मनन केलं नाही. ती माझी चूक होती.

बाईंचा – नायिकेचं काम करणाऱ्या बाईंना सगळी कंपनी नुसतं 'बाई' म्हणायची – सव्विसावा प्रयोग. तिसरा अंक, शेवट. वकिलानं विचारलं, "कुठे?" आणि बाई गप्प. एक क्षण, दोन क्षण. मग त्यांनी किंचित मान वळवून विंगेकडे पाहिलं. प्रॉम्प्टरला ती नजर कळते. मान वळली की शब्द द्यायचा. वाक्यातला पहिला शब्द, बस्स, पुढचं नट उचलतो. इथे वाक्यच एका शब्दाचं. बोटाखाली छापलेलं होतं – जाते. बॅटरीचा उजेड नेमका त्यावर. आणि मी म्हटलं, "येते."

बाई म्हणाल्या, "येते."

पडदा पडला. टाळ्या नाहीत! मग एकदम आल्या, थांबेचनात. मी संहिता उराशी धरून बसलेले – आता नोकरी गेली. लेखक मेकअप रूममध्ये आले, लाल झालेले. बाईंना म्हणाले, "तुम्ही हे जे केलंत –" मग, "ठेवा." पुढच्या आवृत्तीत तोच शब्द छापला. दोन सिनेमे झाले त्याच्यावर. लेखक आता नाहीत. बाईंनी कधी 'माझं' म्हटलं नाही, 'माझं नाही' असंही म्हटलं नाही.

आणि वीस मिनिटं भाषण!

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाईंकडे जाऊन आले. त्या भाचीकडे राहतात, तिसरा मजला, गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद. ऐकूही कमी येतं. ज्यांच्या कानाशी आयुष्यभर कुजबुजले त्यांच्याशी आज ओरडून बोलावं लागलं. भाची दोनदा स्वयंपाकघरातून डोकावून गेली – भांडण चाललंय की काय!

भाषणाचं सांगितलं. खूश झाल्या. "माझं नाव नीट घे. मुळमुळीत घेऊ नकोस."

मग धीर केला. "बाई, सव्विसावा प्रयोग आठवतो? शेवटी तुम्ही जरा विसरलात, आणि मी –"

चेहराच बदलला. "कोण विसरलं?"

"नाही, म्हणजे क्षणभर –"

"मी एकही वाक्य कधी विसरले नाही. एकदाही नाही. विचार कुणालाही!" कप बशीवर असा ठेवला की चहा सांडला. भाची आली, माझ्याकडे बघून हळूच मान हलवली – नको. मी विषय सोडला. निघताना पाया पडले तर बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं, सोडेचनात.

जिना उतरताना वाटलं, का खाजवून खरूज काढली? ब्याऐंशी वर्षांची बाई. ती चूक सांगायची तर त्यांचं विसरणंही सांगावं लागणार. त्यांच्याकडे आता उरलंय काय? कधी विसरले नाही, एवढंच ना. ते मी काढून घेऊ?

२१ फेब्रुवारी, शनिवार

तिसरा सिनेमा. आज संहिता पिशवीतून काढलीच नाही.

काढली असती तरी उपयोग नव्हता. निम्मी वाक्यं नाहीतच. एका तरुण मुलीनं केलाय, चार वर्षांपूर्वी. सगळा सिनेमा त्या एका खोलीत. वकील दिसतच नाही – त्याच्या चपला दिसतात, खोकला ऐकू येतो, चहाचा रिकामा कप दाराच्या फटीतून आत सरकतो. दुसऱ्या अंकात बायकोचं दीड पानी भाषण आहे. ते मला झोपेत येतं. ते इथे नाही. त्याऐवजी ती चादरीची घडी घालते. एकटीनं मोठ्या चादरीची घडी – एक टोक हनुवटीखाली धरून, हात ताणून. दुसरं टोक धरायला कुणी नाही. दीड पान तिथे संपलं. मला रडू आलं, आणि प्रॉम्प्टर म्हणून लाजही वाटली. एवढी वाक्यं मी चारशे वेळा जपली, आणि ती गेली तर बिघडलं नाही!

शेवटी ती पाठमोरी. "कुठे?" – खोकल्यातूनच. "येते." साधं. कोपऱ्यावरून काहीतरी आणायला जाताना म्हणतो तसं. ती जाते, आणि दार उघडंच राहतं. कॅमेरा त्या दाराकडे बघत बसतो. कुठेतरी नळ वाहतोय, जिन्यात कुणीतरी कुणाला हाक मारतंय. मग संपतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चष्मेवाले चष्मा पुसत होते.

त्या मुलीनं हे कसं ओळखलं? तो शब्द असाच म्हणायचा होता. मी असाच म्हटला होता. त्यात विचार नव्हता, बोट नव्हतं. सवय होती, आणि सवयीच्या आत काहीतरी होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

फोन दहाला आला. दहा पाचला मीच म्हटलं, "थांब ना जरा." ती थांबली. "दवाखान्यातल्या त्या मांजरीचे टाके निघाले का?" विचारलं. तिनं सगळं सांगितलं – टाके, गळपट्टा, औषध थुंकून टाकणं. दहा वीस झाले!

तिला जे सांगायचं होतं ते इथे लिहिते.

त्या सव्विसाव्या प्रयोगाला माझ्या स्टुलाखाली पेटी होती. तपकिरी, कपड्यांनी भरलेली. आमच्या ह्यांनी महिनाभर एकच धोशा लावला होता – नाटक किंवा घर, एक काय ते ठरव. हे वाईट नव्हते, हट्टी होते. मीही काही कमी नव्हते. ठरवलं. प्रयोग झाला की परस्पर मैत्रिणीकडे, तिथून कंपनीबरोबर दोन महिने दौऱ्यावर, पुढचं पुढे. लेक चार वर्षांची. दुपारी झोपली होती. पेटी उचलली तर कडी वाजली आणि ती उठून बसली. डोळे चोळत म्हणाली, "कुठे?"

"येते हं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आपल्यात जाताना 'जाते' म्हणत नाहीत.

संध्याकाळी वकिलानं विचारलं, "कुठे?" – आणि तोंडून तेच निघालं. मग बाई तो शब्द घेऊन उभ्या राहिल्या, भरल्या थिएटरला ऐकू जाईल असा. माझा शब्द, दुसऱ्या बाईच्या आवाजात. मला तो पहिल्यांदा ऐकू आला.

पेटी घेऊन घरी गेले. ह्यांनी दार उघडलं. मी उंबऱ्यातच म्हटलं, "नाटक सोडणार नाही. घरही सोडणार नाही. ज्याला अडचण असेल त्यानं आपलं ठरवावं." हे पेटीकडे बघत राहिले. मग उचलून कपाटावर ठेवली. आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी संध्याकाळी मी निघाले तर हे लेकीची वेणी घालायला बसले होते. वेणी कसली, सुतळीचा गुंता! पण बसले होते. दीडशेव्या प्रयोगाला आले, तिकीट काढून, शेवटच्या रांगेत. नाटकाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले, "तू कुठे बसतेस ते दिसत नाही."

हे जाऊन सहा वर्षं झाली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या. काय बोलू नये ते पाठ झालंय. काय बोलावं ते नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बोलले!

तीस खुर्च्या भरल्या, काही जण जिन्यात. बाईंची भाची पहिल्या रांगेत, मोबाइल धरून – बाईंना दाखवायला. सुरुवातीला आवाज फुटेना. जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही!" सगळे हसले, मीही हसले. म्हटलं, "अहो, माझा आवाज ऐकू येऊ नये म्हणूनच मला पगार होता." मग सुटला आवाज. कुठून आला कोण जाणे.

तिन्ही सिनेमांबद्दल बोलले. पहिल्यानं नाटकाची वाक्यं जपली, पण खोली जपली नाही – ती माणसं त्या खोलीत राहिलेलीच नाहीत. दुसऱ्यानं खोलीला खिडकी पाडली, तरी एक किल्ली अशी ठेवली की तेवढ्यासाठी त्याला माफ करावं. तिसऱ्यानं वाक्यं टाकली आणि नाटक ठेवलं. "मी आयुष्यभर वाक्यं सांभाळली. मला हे कबूल करायला तीन शनिवार लागले," म्हटलं.

मग प्राध्यापकांकडे बघून म्हटलं, "आणि त्या शब्दाबद्दल."

सांगितलं. पेटीसकट. फक्त बाई विसरल्या असं म्हटलं नाही. म्हटलं, "बाई थांबल्या. का थांबल्या ते त्यांना माहीत. चुकीचा शब्द दिला तो मी."

प्राध्यापक हळूच म्हणाले, "मग माझं पुस्तक?"

"दुसरी आवृत्ती काढा की!" चष्मेवाले म्हणाले. असे हसले सगळे! शेवटी प्राध्यापकही हसले आणि वही काढून तारीख, प्रयोग, सगळं विचारायला लागले. भला माणूस आहे.

गर्दी पांगली तेव्हा जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर, माझी लेक बसलेली. अंगावर दवाखान्याचा कोट, कोटावर मांजराचे केस. मघाचं 'ऐकू येत नाही' हिचंच होतं!

कधी आलीस विचारलं, तर म्हणाली, "आधीपासून."

बराच वेळ कोटावरचे केस वेचत राहिली. मग म्हणाली, "मला त्या दिवसाचं काही आठवत नाही, आई. 'येते हं' तेवढं आठवतं. रोजचं. मला त्या शब्दाचा इतका राग यायचा."

"आणि आता?"

"आता बघू." मग उठली, माझी पिशवी घेतली. "तो तिसरा सिनेमा परत लावतील का? आपण दोघी बघू."

१ मार्च, रविवार

दहाला फोन नाही. दहाला बेल! तीच.

चष्मेवाल्यांनी सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून पडदा लावून दिला आणि स्वतः खाली काचा पुसत बसले. तीस खुर्च्यांत आम्ही दोघी. तिच्याबरोबर सिनेमा बघायची ही माझी पहिलीच वेळ. बेचाळीस वर्षांची आहे ती!

चादरीच्या घडीला तिनं नाक ओढलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

बाहेर आल्यावर वाद. ती म्हणाली, "ही परत येणार नाही."

"मग 'येते' का म्हणाली? खोटं?"

"खोटं नाही. माझ्याकडे मांजरं येतात ना, पिंजऱ्याचं दार लावलं की ओरबाडतात. दार उघडं ठेवलं की तिथेच आत निवांत बसतात. तिला दार उघडं हवं होतं, आई. ती येईल न येईल, तो पुढचा प्रश्न."

प्राध्यापकांना सांगायला हवं. आवृत्तीत घालतील.

मग जेवायला थांबली. मग भांडी घासली. मग मोठी चादर वाळली होती, तिची घडी घातली – एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. दोघींनाही हसू आवरेना. पुढच्या रविवारी येणार म्हणाली. जेवायलाच.

५ मार्च, गुरुवार

बाईंचं पत्र, भाचीच्या हाती. तिनं सांगितलं, बाईंनी भाषण तीनदा ऐकलं, कानाला यंत्र लावून. अक्षर मोठं, थरथरतं.

"आवाज बरा आहे. उगाच इतकी वर्षं दडवलास. माझं नाव नीट घेतलंस.

तुझं तू सांगितलंस, म्हणून आता माझं सांगते. आधी सांगायचा मला हक्क नव्हता. तिसऱ्या अंकाला आत जाताना तुझ्या स्टुलाखालची पेटी पाहिली होती. तुझं तोंडही पाहिलं होतं. मी विसरले नव्हते गं. विंगेकडे वळले ते शब्द मागायला नाही. तुला विचारायला."